झग्याच्या घेरावरची डाळिंबं

जालना

प्रिय सोनू,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

पिंटूनं काल तुझी शिवणाची पिशवी आणून दिली. अर्धी झालेली वाकळ, दोरे, कात्री, सगळं. म्हणाला, ताईला आता हे नको. सुट्टीचा वेळ प्रार्थनेला नि सेवेला द्यायचा म्हणते, चिंध्या जोडण्यात घालवायचा नाही.

प्रार्थना करतेस याचा आनंदच आहे. पण फोनवर तुझा आवाज एवढा कोरडा का गं? एकदाही हसली नाहीस.

बायबलातल्या निर्गमचा 28 वा अध्याय पुन्हा काढ. याजक अहरोनाची वस्त्रं गौरवासाठी आणि शोभेसाठी करा, असं देव मोशेला सांगतो. शोभेसाठी, हे त्याचंच म्हणणं. झग्याच्या घेरावर निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताची डाळिंबं नि मधूनमधून सोन्याची घुंगरं. घुंगरांचं कारण दिलंय, अहरोन पवित्रस्थानात आत-बाहेर करताना आवाज यावा म्हणून. डाळिंबांचं काहीच दिलं नाही. हवीत, एवढंच. पुढं 31 व्यात बसालेल कारागिराला देव आपल्या आत्म्यानं भरतो, ते सोनं-रुपं घडवायला, लाकूड कोरायला. मग तुझीच सुई देवापासून लांब कशी? आणि नव्या करारातली ती कपडे शिवणारी दुर्कस मेली तेव्हा विधवांनी रडत रडत प्रेषित पेत्राला काय दाखवलं? तिनं केलेले अंगरखे.

लागले बघ उपदेशाला. रागवू नको. रात्रभर लोकांची दुखणी बघणारीला मी काय शिकवावं? फक्त एक सांग, पाळीवर असताना जेवतेस ना? हसली नाहीस, तेच डोक्यातून जात नाही.

बेथेलची आजी आठवते? 72 च्या दुष्काळात दिवसा खडी फोडायची, पोटात सुकडी, आणि रात्री कंदिलाशी वाकळ घेऊन बसायची. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं गुणगुणत टाके घालायची. लुगड्याचा लाल काठ राखून ठेवायची, मधोमध लावायला. ऊब काय, कुठल्याही कापडानं आली असती. पुढं तिची नजर गेली तेव्हा सुईत दोरा तू ओवायचीस. "हिरव्याशेजारी जांभळं लाव, आजी," म्हणायचीस, नि ती निमूट लावायची. तुझ्या पप्पांनी सांगितलेलं तिनं कधी ऐकलं नाही.

वॉर्डातल्या रडणाऱ्या लेकराला तू बँडेजपट्टीची बाहुली करून दिलीस म्हणे. हेही पिंटूनंच सांगितलं, तू नाही. मी गल्लीत चार घरी सांगून आले. ते लेकरू निजलं, ती सेवा नव्हती का? मग ज्या हातांनी ती झाली, त्यांना उपाशी का ठेवतेस? तू सुकून जाशील, सोनू, मला त्याचं भ्या वाटतं.

बरं, पुरे. मोसंबी पाठवलीत, मैत्रिणींनाही दे. नाताळाची रजा आत्ताच मागून ठेव. पप्पांनी चांदणीसाठी बांबू तासायला घेतलाय. कागद सोनूच लावणार, म्हणून दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. रविवारी उपासनेनंतर फोन कर, सावकाश बोलू. आणि रात्री जेवत जा.

तुझी,
आई