हात, वीत, बोट

सिंगापूर,
१० ऑगस्ट २०२५

प्रिय बाळ्या,

इथल्या फॉर्म्युला वन शर्यतीची तिकिटं काढलीस हे वाचून उडी मारली आणि विमानाची वेळ बघून खाली बसलो. शनिवारी संध्याकाळी उतरणार? रजा वाचवतोयस म्हणे! अरे, रेस म्हणजे रविवार हा टीव्हीसमोर बसणाऱ्यांचा हिशेब झाला. इथे यायचं तर शुक्रवार बुडवू नकोस. रेस ५ ऑक्टोबरला आहे, तू गुरुवारी रात्रीचं विमान बघ.

आपण २०११ ला दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर रेस बघायला गेलो होतो ते आठव. गाडी वळण चुकली की बाजूच्या मोकळ्या जागेत फिरून परत येत होती. इथल्या मरीना बेच्या ट्रॅकला तशी सूट नाही. एरवी बसगाड्या धावतात तो हा रस्ता, दोन्हीकडे काँक्रीटची भिंत आणि वर जाळी. शुक्रवारच्या पहिल्या सरावाला रस्ता धुळीचा, टायरला पकड नाही, म्हणून ड्रायव्हर भिंतीपासून हातभर लांब. रात्रीच्या सरावात वीतभर. शनिवारी पात्रता फेरीत बोटभर, आणि कधी तेवढंही नाही, टायर भिंतीला चाटून जातो. हे अंतर कमी होत जाताना बघायचं असेल तर पहिल्या दिवसापासून त्याच कोपऱ्यात उभं राहावं लागतं. तू शनिवारी येऊन नुसतं बोट बघणार.

कोपरा कोणता म्हणशील, तर माझा दहावा, पदांग मैदानाच्या कडेचा. २०२३ ची शेवटची, बासष्टावी फेरी आठवते? तीन ड्रायव्हर, सैंझ पुढे, मागे नॉरिस, त्याच्या मागे रसेल. सैंझ मुद्दामच नॉरिसला सेकंदाच्या आत ठेवत होता. पुढच्या गाडीपासून सेकंदाच्या आत असलं की मागच्याला पंख उघडता यायचा, म्हणजे नॉरिसला मागचा पंख उघडून वेग मिळावा आणि रसेलला तो अडवून धरावा. काय डोकं! दहाव्या वळणावर नॉरिस भिंतीला घासला, पण वाचला. त्याच्या मागोमाग रसेलही घासला आणि थेट अडथळ्यात. त्या वर्षी रेड बुल संघाला जिंकता न आलेली तेवढी एकच शर्यत.

दुसरी जागा अँडरसन पुलाच्या अलीकडे. १९१० चा लोखंडी पूल, त्याच्या कमानींखालून गाड्या जातात. ब्रेक लागला की गिअर उतरताना धाडधाड आवाज भिंतींमध्ये घुमतो. दिव्यांच्या उजेडात गाडीच्या पोटाखालून ठिणग्या उडतात, आणि मग जळक्या रबराचा वास. फोन मात्र जाळीवरच फोकस करतो. पहिल्या वर्षी मी शंभर फोटो काढले, सगळे जाळीचे.

तुझं तिकीट झोन ४ चं आहे, त्यामुळे पिट, म्हणजे टायर बदलायची जागा, बघायला झोन १ मध्ये सोडणार नाहीत. हळहळू नकोस, पदांगवरचे गाण्यांचे कार्यक्रम तुझ्याच बाजूला आहेत. सिटी हॉल स्टेशनला उतर. एका जागेवरून सगळी रेस दिसत नाही, मोठ्या पडद्याकडे आणि फोनवरच्या वेळांकडे बघतच ती जुळवावी लागते. कानात घालायला बोळे आण. मी नाही आणले तर रात्रभर कानात गुंई.

पावसाचं सांगून ठेवतो. २०२२ ला पावसाने सुरुवात तासाहून जास्त लांबली. मी सँडल घालून गेलेलो, चिखलात पाय रुतवून उभा, फोन बंद पडलेला. तू बूट आणि साधा रेनकोट आण. छत्री उघडलीस तर मागच्यांच्या शिव्या खाशील. पाऊस नसला तरी भिजशीलच, घामाने. ड्रायव्हरांचं वजन त्या दोन तासांत दोन-तीन किलो उतरतं, आपलं नाही उतरत, कारण आपण तिथे खातो.

रेस संपली की स्टेशनकडे पळू नकोस. ट्रॅक लोकांना खुला करतात. वळणांच्या बाहेरच्या बाजूला टायरचे कुरतडलेले तुकडे पडलेले असतात, ते वेच. २०२३ चा माझा तुकडा कपाटात आहे. आई आली होती तेव्हा म्हणाली, हा कोळसा कशाला जपून ठेवलायस?

विमान बदललंस की लगेच कळव, म्हणजे मीही शुक्रवारची रजा टाकतो.

तुझा,
नित्या