लिंबच्या आजी, कार्ड रीडरवाला आणि एक ताई

साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारामोटेची विहीर (बांधकाम शके १६४१ ते १६४६) सगळेच कॅमेऱ्यात टिपतात. मला ओढ पडक्या वाड्यांची. रविवारी लिंबला तशाच एका वाड्याच्या माळवदावर पाय टाकणार, तोच खालून हाक आली, "बाळा, नको जाऊस, तुळई वाळवीनं खाल्लीया!" आजींनी काठीनं तुळई ठोकली तर भुसा भुरभुरला. वर गुळाचा चहा पाजला. नाव विचारायचं राहिलंच.

साताऱ्यात परतलो तर मेमरी कार्ड उघडेना. पोवई नाक्यावरच्या दुकानातल्या पोरानं स्वतःचा कार्ड रीडर दिला, पैसे घेतलेच नाहीत. पुढचं एका ओळखीच्या ओळखीतल्या ताईंनी फोनवर सांगितलं: कार्डावर काही लिहू नकोस, आधी त्याची जशीच्या तशी प्रत घे. प्रत्येक जेपेग (म्हणजे फोटोची फाइल) 'एफएफ डी८ एफएफ' या बाइट्सनी सुरू होतो, तेवढं शोध. मग ते शोधायला पायथॉनमध्ये चाळीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. (दिवसभर दुसऱ्यांचे प्रोग्राम लिहितो, पण हे मला सुचलं नव्हतं.) रात्री दीडला पहिला फोटो उघडला: तुळईवर टेकलेली आजींची काठी. काही फोटो अर्धेच आले, चालायचंच.

तिघांचेही मनापासून आभार. आजी, तुमच्या काठीच्या फोटोची प्रिंट घेऊन येतोय.