लाल शाई आणि शेळीची पिल्ले

महोदय,

पायाभूत वाचन आणि गणितासाठीचे केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान जुलै 2021 मध्ये सुरू झाल्यापासून प्राथमिक शाळांत वाचनाकडे लक्ष वाढले. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत, हे लक्ष्य आता शिक्षकांना तोंडपाठ आहे. लेखनाला असे भाग्य लाभलेले नाही. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या 'असर' पाहणीत भर वाचनावर आणि गणितावर. शिष्यवृत्ती परीक्षेत 150 गुणांचे दोन पेपर, दोन्ही पर्याय रंगवण्याचे. स्वतःच्या मनाने चार ओळी न लिहिता मूल शिष्यवृत्तीधारक होऊ शकते.

वह्या मात्र भरलेल्या असतात. पहिलीत अनुलेखन म्हणजे पाहून लिहिणे, दुसरीत श्रुतलेखन, तिसरीपासून फळ्यावरची प्रश्नोत्तरे आणि 'गाय हा माझा आवडता प्राणी आहे' हा निबंध. चाळीस वह्यांतली गाय एकच. तिला चार पाय, दोन शिंगे आणि एक लांब शेपूट. अक्षर वळणदार होण्यासाठी अनुलेखन हवेच. पण त्यात काय सांगायचे हे मुलाला ठरवावे लागत नाही, आणि लेखनातले खरे अवघड काम तर तेच आहे.

विषय मोठा दिला की मूल अडते. 'माझी शाळा' यावर आठ वर्षांचे मूल काय सांगणार? 'आज शाळेत येताना वाटेत काय दिसले', 'काल रात्री घरी काय शिजले', 'पाणी कुठून भरता, किती खेपा होतात' असे विचारले की हात वर होतात. म्हणून लिहिण्याआधी दहा मिनिटे नुसते बोलू द्यावे. बोलण्यात आलेले पाच-सहा शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहावेत. वाक्ये लिहू नयेत, नाहीतर तीच सगळ्यांच्या वहीत उतरतात. दुसरीत आधी चित्र आणि त्याखाली तीन-चार वाक्ये, तिसरीत पाच-सहा, चौथीत आठ-दहा. एवढ्याला वीस मिनिटे पुरतात.

आता तिसरीच्या वहीत येतो तसा एक मजकूर पाहू:

'आमची शेळी वेली तीला दोन पिल झाली एक पांडर एक काळ काळ मेल'

लाल पेन घेतले तर या एका ओळीत सात-आठ गोल होतात. वही परत मिळाल्यावर मुलाला एवढेच कळते की आपण चुकलो. पुढच्या वेळी ते दोनच वाक्ये लिहिते, तीही येणाऱ्या शब्दांची. वास्तविक या ओळीत एक घटना आहे, तिचा क्रम आहे आणि शेवटी एक धक्काही आहे. तेव्हा पहिला प्रश्न मजकुराबद्दलच हवा: काळे पिल्लू मेले तेव्हा शेळी काय करत होती? पांढरे आता कुठे बांधता? उत्तर तोंडी आले की 'हेच खाली लिही' म्हणावे. ओळी दुप्पट होतात. मग मुलाला ते मोठ्याने वाचायला सांगावे आणि आवाज जिथे थांबतो तिथे त्याच्याच हाताने पूर्णविराम देऊन घ्यावा. त्या दिवशी दुरुस्ती एवढीच. 'वेली'ला 'व्याली' करण्याची घाई नको. अहिराणी, मालवणी, कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या घरातले मूल पहिल्या खर्ड्यात घरचा शब्द लिहिणारच. तो खोडला तर सांगण्यासारखेच काही उरत नाही.

मग शुद्धलेखन कधी? रोज, पण महिना-दीड महिन्याला एकच मुद्दा, आणि तोही वर्गाच्या वह्यांत जे चुकते आहे त्यातून काढलेला. जून-जुलैत दोन शब्दांमधले अंतर. अनेक मुले प्रत्येक अक्षरावर सुटी शिरोरेघ मारतात, त्यामुळे शब्द कुठे संपला हे त्यांनाही दिसत नाही. शब्दाची सगळी अक्षरे लिहून झाल्यावर शिरोरेघ एका दमात ओढायची सवय लावली की शब्द आपोआप सुटे होतात. 'शाळे ला', 'झाडा वर' अशी तोडलेली रूपेही याच वेळी जोडून घेता येतात. त्यानंतर अनुस्वार: 'पांडर' लिहिणाऱ्याला शेवटचा लांबलेला 'अ' नीट ऐकू आलेला असतो, तो 'पांढरं' असा टिंब देऊन दाखवतात एवढे सांगायचे राहिलेले असते. दिवाळीनंतर ऱ्हस्व-दीर्घ. मराठी बोलताना हा फरक कानाला धड कळत नाही, म्हणून 'नीट ऐकून लिही' या सल्ल्याचा उपयोग नसतो. इथे नियमच द्यावा लागतो. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणजे आजी, दही, लाडू. 'आणि', 'नि' हे अपवाद. एवढ्याने बऱ्याच चुका जातात. 'दूध' पण 'दुधात', 'फूल' पण 'फुलाला' हे जानेवारीत, आणि तेही चौथीलाच. 'तीला'चे 'तिला' तोवर थांबू शकते.

आठवड्यात एक मजकूर पुरे. पहिल्या दिवशी बोलणे आणि लिहिणे, दुसऱ्या दिवशी जोडीदाराला वाचून दाखवणे, तिसऱ्या दिवशी भर घालणे, चौथ्या दिवशी स्वच्छ प्रत काढून वर्गाच्या दोरीवर लावणे. चौथीच्या मुलांना प्रत्येक वाक्य पाठकोऱ्या कागदाच्या वेगळ्या पट्टीवर लिहायला लावून पट्ट्यांचा क्रम बदलून पाहू द्यावा. खाडाखोड न करता मजकूर हलवता येतो हे तिथे कळते.

वेळ कुठून आणायचा, असे शिक्षक विचारतील. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक वर्गात 30 मुलांमागे एक शिक्षक धरला, तर रोज सहा मुलांजवळ तीन-तीन मिनिटे बसून आठवड्यात सगळे होतात. तीस वह्या घरी नेऊन लाल करण्यापेक्षा हे स्वस्त पडते. द्विशिक्षकी शाळेत मात्र हे गणित ओढाताणीचे आहे, आणि शाळाबाह्य कामांचा दिवस आला की मोडतेच.

खरी अडचण तपासणीची आहे. भेटीला आलेले अधिकारी वही उघडतात आणि न टिपलेली चूक दिसली की शिक्षकाला जाब विचारतात. त्यामुळे शिक्षक सगळे टिपतो किंवा चूकच होऊ नये म्हणून फळ्यावरून उतरवून घेतो. 2023-24 मध्ये पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने आली, 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. पाने असोत वा नसोत, त्यांवर मुलाने स्वतःचे काय लिहिले हा प्रश्न कुणी विचारला नाही.

तो विचारण्यासाठी नवे परिपत्रक लागत नाही. आसपासच्या शाळांच्या गटाची, म्हणजे केंद्राची, शिक्षण परिषद भरते; तिथे दर वेळी प्रत्येक शाळेतून तीन वह्या आणाव्यात आणि जूनचे पान ताज्या पानाशेजारी ठेवून मोठ्याने वाचावे. सत्राअखेरच्या संकलित चाचणीत एक विषय आयत्या वेळी फळ्यावर लिहावा आणि त्याला मजकुराचे गुण वेगळे, शुद्धलेखनाचे वेगळे द्यावेत. भेटीवरच्या अधिकाऱ्यांनी त्या महिन्याचा मुद्दा कोणता हे आधी विचारावे आणि तेवढाच तपासावा.

– दोन प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा