जाड वायरींचा सल्ला दुरुस्त करावा

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारी पावसाळ्यात कशा सांभाळाव्यात यावर मजकूर आला होता. पत्रा, रबर, गालिचे सगळं नीट सांगितलंय. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगना वीज पोचवणाऱ्या वायरींच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली आणि नेमकी तीच चुकली: जाड, लाल वायरी टाकल्या की गाडीची ताकद वाढते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तरी या ओळीवर पैसे घालवू नयेत, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे वडिलांची १९७५ची प्रीमियर पद्मिनी आहे. घरात तिला अजून फियाटच म्हणतात. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, गिअर स्टीअरिंगला. आमचं घर भाट्याला, सुरूच्या बनापासून हाकेच्या अंतरावर. माझी नोकरी कॉलेजच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत सहायक म्हणून झाली, त्यामुळे मल्टिमीटर हातात धरायची सवय आहे. तेवढीच माझी पात्रता.

दोन पावसाळ्यांपूर्वी कोल्हापूरला निघाले होते. रत्नागिरी ते साखरपा गाडी लोण्यासारखी गेली. आंबा घाट चढायला लागला आणि ती धक्के मारू लागली. ॲक्सिलरेटर सोडला की सरळ, दाबला की मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर पेटायचा चुकतो. परत आल्यावर एका गॅरेजात दाखवली. तिथे कार्बोरेटर दोनदा उघडला, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम बदलला आणि शेवटी ‘बाई, आता काढून टाका ही’ असा सल्ला मिळाला. मुंबईतून काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर गेली. तेव्हापासून साधी डिस्ट्रिब्युटरची (चारही प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डब्याची) कॅप मागितली तरी दुकानदार आधी तोंडाकडे बघतो.

खरा रोग सापडला तो शेजारच्या मुलामुळे. संध्याकाळी वीज गेलेली, बारीक पाऊस, मी पडवीत गाडी चालू ठेवून बॉनेट उघडलेलं. पोरगं म्हणालं, ‘आजी, इंजिनात काजवे शिरलेत.’ बघते तर तीन नंबरच्या वायरीवरून चार नंबरच्या वायरीवर निळ्या ठिणग्या उड्या मारत होत्या.

दुसऱ्या दिवशी चारही वायरी काढून मीटर लावला. तिघींचा रोध सहा ते आठ हजार ओहमच्या मध्ये. तीन नंबरची चाळीस हजारांच्या पुढे, आणि हलवली की आकडाच गायब. बाहेरून अगदी धडधाकट. या वायरींच्या आत तांबं नसतं, कार्बन लावलेला धागा असतो. कुणीतरी टोकाची रबरी टोपी सोडून वायरीला धरून ओढलं की धागा आत तुटतो आणि वरच्या वेष्टणाला त्याचा पत्ता नसतो.

चढावरच का नडत होती? पाय दाबला की सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरतं, दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. बॅटरीची वीज हजारो व्होल्टपर्यंत चढवणारी कॉइल ते द्यायला तयार असते. पण वाटेत आतला धागा तुटलेला असला किंवा वेष्टणाला चीर असली, तर विजेला प्लगपर्यंत जायची गरजच उरत नाही. ती जवळचं लोखंड गाठते, नाहीतर शेजारची वायर. सपाटीवर गुणी आणि घाटात हट्टी अशी गाडी असेल, तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी वायरी बघाव्यात.

वडिलांच्या वेळी तांब्याच्या तारेच्या वायरी होत्या. टिकाऊ होत्या, पण गाडीत आकाशवाणी रत्नागिरी लावलं की बातम्यांच्या मागे टरटर ऐकू यायची, आणि वेग वाढला की टरटरही वाढायची. ती दाबायला पुढे कार्बनचा रोध आला. आता मी घेतल्या त्या वायरींत गाभ्याभोवती बारीक तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली आहे. खरखरही दबते आणि कार्बनसारखी ती झिजून जात नाही. वेष्टण सिलिकॉनचं, जाडी ७ मिमी. जाडी ही वेष्टणाची असते, त्यातून वीज जास्त येत नाही. चांगली वायर कॉइलने दिलेलं प्लगपर्यंत नेते, स्वतःचं काही घालत नाही. शिवाय ८ मिमीची वायर जुन्या कॅपच्या भोकात आणि क्लिपांत दाबून बसवावी लागते. काही जुन्या इंग्रजी बनावटीच्या कॅपमध्ये टोकदार स्क्रू वायरीत घुसवतात. तिथे मात्र तांब्याचीच वायर हवी, आणि रेडिओसाठी पाच हजार ओहमची प्लगटोपी.

वायरी कुठून न्यायच्या, हे तर कुणी सांगतच नाही. माझ्या गाडीच्या वायरी कुणीतरी अळूची जुडी बांधावी तशा काळ्या टेपने एकत्र बांधल्या होत्या. दिसायला टापटीप. पण या इंजिनात ठिणगीची पाळी १-३-४-२ अशी असते. तीन पेटल्यावर लगेच पाळी चारची, आणि दोघे शेजारी. तीनच्या वायरीतून झटका जातो तेव्हा चारमध्ये मिश्रण नुकतंच भरलेलं असतं आणि दाब कमी असतो. कमी दाबात ठिणगी सहज पडते. दोन्ही वायरी लांबवर एकमेकींना चिकटून धावत असतील, तर धड चीर नसतानाही तीनचा झटका चारमध्ये उमटू शकतो आणि चार अवेळी पेटतो. दोन आणि एकचंही तसंच. म्हणून या जोड्या मी दोन बोटं लांब ठेवल्या आहेत. जिथे ओलांडणं भाग आहे तिथे काटकोनात. मधले धारक घरीच केले: भाजी चिरायच्या जुन्या नायलॉनच्या पाटाची पट्टी कापून तिला ७ मिमीची भोकं पाडली. इंजिनचा गरम धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डपासून आणि पत्र्याच्या धारेपासून वायर दूर हवी, कारण सिलिकॉन उष्णता सोसतं पण नखानेही फाटतं. ताणून बसवू नये, इंजिन आपल्या रबरांवर हलत असतं. पेट्रोलच्या रबरी नळीजवळून तर मुळीच नेऊ नये. कारण सांगायला नको.

आता खाऱ्या हवेचं. पितळी पातेल्यात आमटी कळकते ना, तशी आमच्याकडे डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधली पितळी टोकं कळकतात. हिरवी पूड साचते. दर वैशाखात मी टोकं घासते आणि रबरी टोपीत सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवते. टोपी काढताना आधी जरा पिळायची, मग टोपीलाच धरून ओढायची. एका वेळी एकच वायर बदलायची, म्हणजे पाळी चुकत नाही.

गाडी पन्नाशीला पोचली, तेव्हा ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेजचा नंबर घ्या असं भाचा म्हणतो. पण त्या नंबराची गाडी रोज वापरता येत नाही, आणि मला तिच्यातून मिरकरवाड्याला मासळी आणायला जायचं असतं.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत ती ओळ दुरुस्त करावी. आणि दुरुस्तीत हेही घालावं की अंधारात ठिणग्या बघायच्या असतील तर हात खिशात ठेवून बघाव्यात. वीस हजार व्होल्टचा झटका मी एकदा घेतला आहे. बॉनेटच्या कडेवर आपटलेलं कोपर अजून दुखतं.

आपली,
एक वाचक, भाट्ये (रत्नागिरी)