दोनाची एक गाडी करताना

चिपळूण
७ ऑक्टोबर २०२५

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन रागानेच ठेवलास. "आई, गाडी आम्ही घेतोय, तू नाही," हे तुझं म्हणणं बरोबरच आहे. पैसे तुमचे, हप्ता तुमचा, पार्किंगची जागा तुमची. यात पडायचं नाही असं काल कोजागिरीचं दूध आटवताना मी पक्कं ठरवलं होतं, पण दूध आटेपर्यंत डोक्यात हे अख्खं पत्र तयार झालं. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू नुसता अंगठा टाकला असतास, म्हणून कागदावर लिहितेय. आमसुलं आणि कुळथाचं पीठ पाठवतेय, त्याच पिशवीत आहे.

एक गाडी करायचं मला पटलंय. रविवारी हे सांगायचं राहूनच गेलं. तू वनाजला मेट्रोत बसतेस ती सिव्हिल कोर्टाला उतरतेस. समीररावांना हिंजवडीला रोज जावं लागत नाही. मग दोन विमे, दोन सर्व्हिसिंग, आणि एक गाडी कायम रस्त्याकडेला धूळ खात उभी, हे कशाला? माझं विचारणं एवढंच होतं की दोनाची एक झाली की ती चालवणार कोण. तुला तो टोमणा वाटला. असो, ते बाजूला ठेवते. गाडीचंच बोलते.

समीररावांच्या मनात ती सात सीटची एक्सयूव्ही ७०० आहे, "आई-बाबा आले की सगळे एकत्र जाऊ" म्हणून. त्यांच्या मनात आमचा विचार आला याचं खरंच बरं वाटलं. पण आमच्यासाठी सात सीट घेऊ नका गं. आम्ही येणार दिवाळीला, फार तर बाबांचे डोळे दाखवायला. बाबांची पंचाहत्तरी झाल्यापासून एसटीत त्यांना तिकीटच नाही आणि मला अर्धं. त्यातून तिसऱ्या रांगेत बसणार कोण? बाबांचा गुडघा तिथे जाईल का? तुझ्या सासूबाईंचा? आणि त्या सीट उघडल्या की डिकी उरतच नाही, मग बॅगा काय मांडीवर घ्यायच्या? वर्षभर तीन माणसांनी सात सीट फिरवायच्या आणि डिझेलचं बिल भरायचं.

त्या गाडीची लांबी ४६९५ मिलिमीटर आणि रुंदी १८९०. तुझी स्विफ्ट ३८४० आणि १७३५. तुमच्या पार्किंगमधले ते दोन खांब मी पाहिलेत. तिथे ओवीची चाइल्ड सीट लावायला मागचं दार पूर्ण उघडेल का, ते टेपने मोजून बघा. सेल्समन म्हणेल, "मॅडम, ३६० कॅमेरा आहे ना." कॅमेऱ्याने खांब सरकत नाहीत.

मधल्या आकाराच्या गाड्या बघा. क्रेटा, सेल्टोस, एलिव्हेट, ग्रँड विटारा, हायरायडर, कुशाक, टायगुन, या सगळ्या सव्वाचार ते साडेचार मीटरच्या आतबाहेर आहेत. हसू नकोस. बहादूरशेख नाक्यावरच्या गॅरेजवाल्याकडे तासभर बसून आले आणि त्याच्या मुलाने फोनवर सगळं काढून दाखवलं. बाबा बाहेर उभे राहून "डिझेल, डिझेल" करत होते.

डिझेल नको. तुमची गाडी आठवडाभर कर्वेनगर, भाजी मंडई, ओवीची शाळा अशी फिरणार. हल्लीच्या बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरला काजळी धरणारं फिल्टर असतं. त्यातली काजळी जळायला गाडी हायवेवर सलग पळावी लागते. थोडं थोडं अंतर चालवलं की फिल्टर भरतं आणि दिवा लागतो. शिवाय आपल्याकडे दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के आणि डिझेलला १४. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बोलेरोला होता का कधी फिल्टर?" नव्हता. बोलेरोला बरंच काही नव्हतं.

सीएनजी म्हणाल तर सिलेंडर डिकी खातो. हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, चांगली. कंपनी लिटरला २७.९७ किलोमीटर सांगते, प्रत्यक्षात कमी धरा. पण ग्रँड विटारा आणि हायरायडरमध्ये बॅटरी डिकीच्या तळाशी येते, त्यामुळे साध्या मॉडेलपेक्षा सामानाची जागा बरीच घटते. ओवीची बाबागाडी घेऊन जा आणि शोरूममध्येच डिकीत ठेवून बघा, लाजू नका. एलिव्हेटची डिकी ४५८ लिटर, क्रेटाची ४३३. होंडा सिटी सेडानची याहून मोठी, ५०६, पण ती खाली बसते. बाबांना आत बसताना बसता येईल, बाहेर काढायला दोन माणसं लागतील. सीट खुर्चीच्या उंचीची हवी, पाय आत घेऊन नुसतं वळायचं.

२२ सप्टेंबरपासून जीएसटी बदललाय. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीच्या आतली पेट्रोल गाडी १८ टक्क्यांत बसते, त्यापुढच्या ४० मध्ये. मोठ्यांचा सेस गेल्याने त्याही स्वस्त झाल्यात, पण लहान गाडीइतक्या नाही. म्हणून लहानातली मोठी बघायचा मोह होईल. घरात गाडी एकच राहणार असेल, तर चार माणसं, ओवीची सीट आणि सामान घेऊन कुंभार्ली घाट चढेल अशीच घ्या. ऑटोमॅटिकच घ्या, कारण समीररावांना आता क्लचची सवय राहिलेली नाही. पण सगळी ऑटोमॅटिक सारखी नसते. एएमटी चढावर गिअर बदलताना झटका देते. ड्युअल क्लचवाली गर्दीत तापते असं गॅरेजवाला म्हणतो. त्याने साधी टॉर्क कन्व्हर्टर नाहीतर सीव्हीटी घ्यायला सांगितलंय. आणि ऑटोमॅटिक असली तरी घाट उतरताना गिअर खाली घ्यायचा, नुसत्या ब्रेकवर उतरायचं नाही.

झालं, लागले शिकवायला. तुला घाट मी काय शिकवणार?

२२ जुलै २०२१ नंतरचे दिवस. वाशिष्ठीचं पाणी पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत आलेलं, खाली बोलेरो टपासकट बुडालेली. वीज नाही, फोन नाही. रस्ता उघडला तसा तू ती लाल स्विफ्ट पाण्याच्या कॅनने आणि फिनेलच्या बाटल्यांनी भरलीस आणि एकटी उंब्रज-पाटण करत कुंभार्ली उतरून आलीस. दारात उतरलीस तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल. बाबा बाजारपेठेत पुढे कितीतरी दिवस सांगत होते, "माझी मुलगी घाट उतरून आली." तुझ्यासमोर कधी म्हणाले नसतील. मला तर त्या दिवशी आधी तुला ओरडावंसं वाटलं, एवढ्या दरडी कोसळत असताना आलीस म्हणून. मग ओरडलेच. तू लक्ष दिलं नाहीस, सरळ खराटा उचललास.

ती गाडी विकताय म्हणून मला वाईट वाटतंय असं समजू नकोस. पत्र्यात जीव अडकवायची मला सवय नाही. गाडी विका. पण तू चालवायचं थांबशील की काय, हेच सारखं मनात येतं. बघ, बाजूला ठेवते म्हटलं आणि परत तिथेच आले.

आपली मारुती ८०० तुला आठवते का? तू बालवाडीत होतीस. मी तिच्यावर शिकले. पतसंस्थेतून सुटल्यावर खेर्डीच्या रस्त्यावर. पुढे दहावीच्या मुलींना परीक्षेला सोडलं, गुहागरला माईला घेऊन गेले, तुझ्या कानात चणा गेला तेव्हा रात्री डॉक्टरांकडेही मीच नेलं. मग बोलेरो आली, आणि २००६ साली, आबांच्या ऑपरेशनच्या वर्षी, दोनातली एक काढायची ठरली. अर्थातच ८०० काढली. मोठी गाडी सगळ्यांना उपयोगी, हेच तेव्हाही म्हटलं होतं सगळ्यांनी. बोलेरोत पाठीला उशी लावली तर माझा पाय क्लचला पुरायचा, पण बॉनेटपुढचा रस्ता दिसायचा नाही. सीट सारखी पुढेमागे करावी लागायची आणि बाबा बसले की म्हणायचे, "कुणी हलवली?" चावी पडवीतल्या खिळ्याला असायची. कुणी मनाई केली नाही, बाबांनी तर नाहीच. ते अजून म्हणतात, "तुला कुणी अडवलं होतं?" खरंच नाही अडवलं. लायसन्स मात्र मी मुदत संपली की वाढवून घेत राहिले. परवा शिंद्यांच्या सुनेने विचारलं, "काकू, तुम्हाला गाडी येते?" मी पटकन "नाही" म्हणून मोकळी झाले.

तर गाडी निवडायची ती आधी तुझ्या उंचीने. तू पाच फूट एक इंच, समीरराव सहाच्या जवळ. त्यांना कुठलीही बसेल. सीट वरखाली होणारी हवी, स्टिअरिंग वरखाली आणि आतबाहेर होणारं हवं. खालच्या व्हेरियंटमध्ये यातलं एखादं नसतं, ब्रोशर नीट वाच. बसल्यावर ब्रेक तळापर्यंत दाबून बघ, टाच उचलावी लागते का. छाती स्टिअरिंगपासून वीतभर तरी लांब राहिली पाहिजे, एअरबॅग जोरात फुगते म्हणून. आणि मागची काच बघ. हल्ली नव्या गाड्यांना खिडक्या कमी आणि पत्रा जास्त. मग तुम्ही दोघं लागोपाठ चालवा आणि सीट बदलायला किती वेळ जातो ते बघा. बटणाने जागा लक्षात ठेवणारी सीट महागाच्या मॉडेलमध्ये असते. एवढा एक खर्च मला पटेल. सनरूफ नाही पटणार. पुण्याच्या उन्हात छताला भोक कशाला पाडायचं?

ओवीच्या सीटसाठी आयसोफिक्स, म्हणजे ती सीट अडकवायचे हूक, आहे का आणि मागे मधल्या माणसाला तीन टोकांचा पट्टा आहे का, तेही बघ. कुशाक आणि टायगुनला २०२२ साली ग्लोबल एनकॅपमध्ये, म्हणजे गाडी धडकवून बघायच्या चाचणीत, मोठ्यांसाठीही आणि मुलांसाठीही पाच तारे मिळाले होते. बाकीच्यांचे निकाल बघून घे, आता आपली भारत एनकॅपही आहे.

जुनी घेणार असाल तर पूरग्रस्त गाडी ओळखायची कशी हे चिपळूणकराइतकं कुणाला माहीत? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, चिखलाची रेघ तिथे राहते. पुढच्या सीटखालचे रूळ गंजलेत का ते हात घालून बघायचं. कार्पेट उचलायचं. गाडीत अत्तर जास्त मारलं असेल तर परत यायचं.

आता शेवटचं, आणि यात माझा काही हेतू नाही. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तुझा ५० टक्क्यांवर गेलाय, स्विफ्टचा एकही क्लेम नाही. समीररावांनी गेल्या वर्षी बंपरचा घेतला, म्हणजे त्यांचा शून्यावर आला. स्विफ्ट विकताना विमा कंपनीकडून तसं पत्र घे, ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात तेवढी सूट मिळेल, थर्ड पार्टीत नाही. पण त्यासाठी नवी गाडी आणि विमा तुझ्या नावावर लागेल. आरसी बुकावर तुझं नाव. हा निव्वळ हिशेब आहे.

बरं, निव्वळ हिशेब नाही. समीरराव चांगले आहेत, ते तुला कधी नाही म्हणणार नाहीत. तुझे बाबाही कधी म्हणाले नव्हते. रात्री परत येताना "तू दमली आहेस, मी घेतो" म्हणतील, तेही प्रेमानेच. एखाद्या रविवारी तू म्हण, तुम्ही दमलात, मी घेते. नव्या गाडीबरोबर दोन चाव्या येतात. एक कपाटात ठेवू नकोस, पर्समध्ये ठेव. तू रागावशील आणि म्हणशील, आई, २०२५ साल आहे, मी काय तुझ्यासारखी... म्हण. पण दिवाळीला घाट तू चालवून ये.

पाडव्याला गाडी घरी हवी असेल तर आत्ताच बुक करा, २२ तारखेला आहे. रंग कुठलाही घ्या. समीररावांना नमस्कार, ओवीला गोड पापा. हे पत्र त्यांना दाखवायचं की नाही ते तू ठरव, गाडीचा भाग दाखवायला हरकत नाही.

तुझी
आई

ता. क. बाबांनी वाचलं. "डिझेलचं नीट लिहिलं नाहीस" म्हणाले. त्यांचे निरोप: दोन्ही जुन्या गाड्यांचे फास्टॅग बंद करा. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून नुसते एजंटच्या हातात देऊ नका, आरसी घेणाऱ्याच्या नावावर झाल्याचं ऑनलाइन बघितल्याशिवाय गप्प बसू नका. आणि समीररावांच्या गाडीचं कर्ज फिटलंय ना, मग बँकेची एनओसी आणून बोजा उतरवून घ्या, नाहीतर गिऱ्हाईक आल्यावर धावाधाव होईल. कुळथाचं पीठ फ्रिजमध्ये ठेव.