जुन्या घरातले रेस्टॉरंट : भिंतीला सिमेंट नको

महोदय,

मांद्रे-मोरजीपासून वेंगुर्ले-मालवणपर्यंत समुद्रालगतच्या जुन्या चिरेबंदी घरांत रेस्टॉरंट सुरू होत आहेत. घर पाडून तिथे काँक्रीटचे हॉटेल उठण्यापेक्षा हे कितीतरी बरे. ओटीवर किंवा बाल्कांवावर (दारापुढच्या बाकदार ओसरीवर) खारा वारा घेत सुंगटांच्या हुमणाशी, म्हणजे कोळंबीच्या आमटीशी, भात जेवण्याचे सुख काचबंद हॉलमध्ये नाही. पण ज्या घरासाठी गिऱ्हाईक येते, ते घरच दुरुस्तीच्या नावाखाली खराब होते आहे.

मुख्य दोष जांभ्यावर, म्हणजे चिऱ्याच्या तांबड्या दगडावर, मारलेल्या सिमेंटच्या गिलाव्याचा. जांभा सच्छिद्र, जमिनीतली ओल आणि त्यासोबतचे मीठ तो वर ओढतो. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल वाळून जाते, सिमेंट ती कोंडते. मीठ गिलाव्यामागे साठून फुलते आणि काही पावसाळ्यांत पोपडे सुटतात, ते चिऱ्याचा थर सोबत घेऊनच. लोणा (भिंतीवर फुललेले मीठ) लागला म्हणून पुन्हा सिमेंट आणि वर प्लॅस्टिक पेंट चढवला, की ओल आणखी वर सरकते. भिंतीकडे पाठ करून जेवायला बसण्याआधी जोत्यालगतचा हातभर भाग पाहावा. घराची तब्येत तिथे कळते.

सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढावे, सांधे इंचभर उकरावेत. मीठ कोरड्या ब्रशानेच झाडावे, पाण्याने धुतले तर ते विरघळून परत आत जाते. चुना विरवून किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू. समुद्राची वाळू अजिबात नको. भिंत ओलसर करून 10 मिलिमीटरचा एक थर द्यावा, तो धरला की दुसरा, आणि आठवडाभर ओले गोणपाट.

माजघरात भटारखाना करणे ही दुसरी चूक. तेलकट वाफ वाशांवर आणि रिपांवर चिकटते आणि आग लागलीच तर छप्पर चटकन पेट घेते. चुली परसात वेगळ्या छपराखाली हव्यात. 19 किलोचे सिलिंडर उघड्या हवेत, सावलीत ठेवावेत. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने सखल, बंद खोलीत साचतो. भांड्यांचे पाणी शोषखड्ड्यात सोडण्याआधी तेल अडवणारी टाकी बांधावी आणि ती नेमाने उपसावी, नाहीतर खड्डा तुंबतो. खड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर दूर असावा.

एसीसाठी शिंपल्यांच्या (काचेऐवजी शिंपेच्या पातळ चकत्या बसवलेल्या) खिडक्या उपटू नयेत. तशी शिंप आता सहज मिळत नाही. शिवाय कौलांखाली छत ठोकले की गळती आणि वाळवी दोन्ही नजरेआड होतात.

मालकांची अडचण आम्ही जाणतो. ऑक्टोबरात हंगाम उघडायचा असतो, आणि पावसाळी हवेत चुना नीट धरत नाही, म्हणून सप्टेंबरात सिमेंट मारून मोकळे होतात. त्यापेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत एकेक खोली बंद ठेवून काम उरकावे. एप्रिल-मेशिवाय सवड नसेल, तर गोणपाट दिवसातून तीन वेळा भिजवावेत. उन्हात गिलावा घाईने वाळला की भेगा पडतात.

— जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम करणारे काही गवंडी व वास्तुरचनाकार, वेंगुर्ले