वास येईनासा होतो तेव्हा

महोदय,

आईच्या अल्झायमरचं निदान होण्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. शेगडीवरचं भांडं जळून कोळसा झालं होतं, घरभर धूर, आणि आई शेजारीच शांतपणे उभी. "मला कुठे वास येतोय?" म्हणाली. वयामुळे असेल, म्हणून आम्ही सोडून दिलं. ते आजही सलतं.

हा आजार म्हणजे फक्त विसरभोळेपणा, असा समज अजून घट्ट आहे. प्रत्यक्षात या आजारात टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी मेंदूच्या ज्या भागांत सुरुवातीलाच दिसतात, त्यांत एन्टोरायनल कॉर्टेक्स येतो. स्मृतीचं हे जणू दारच, आणि गंधाचे संदेशही तिथे पोचतात. तिथल्या पेशी मरू लागल्या की वास ओळखणं अवघड होतं; कधी कधी विस्मरण लक्षात येण्याच्या कितीतरी आधी.

वास गेला म्हणजे अल्झायमरच, असं मुळीच नाही. सर्दी, सायनस, कोविड, पार्किन्सन, नुसतं वयही कारण असतं. पण ज्येष्ठांचे डोळे, कान तपासले जातात; वासाबद्दल कुणी विचारतच नाही. डॉक्टरांनी तो प्रश्न विचारावा, आणि घरच्यांनी गॅसगळतीकडे, नासलेल्या अन्नाकडे स्वतः लक्ष ठेवावं.

– एक वाचक